बटण मी दाबलं

गुंजाळ अण्णांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांना भंगारवाला समजले. मोटारसायकलच्या कॅरियरला ट्रकची बॅटरी बांधलेली, तिच्यावर इन्व्हर्टर, त्याच्यावर गोणपाट. मी ओट्यावरूनच ओरडले, "काही नाही आज, पुढं जा!" गडी शांतपणे उतरला, हेल्मेट काढलं, रुमालानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "कंप्युटर आजारी आहे असा निरोप होता. बरा झाला असेल तर जातो."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. पण मीही काही कमी नाही. म्हटलं, "डॉक्टर असा गोणपाट घेऊन येतो होय?" त्यावर ते हसले नाहीत. अण्णा माझ्या विनोदांना कधीच हसले नाहीत, हा माझा त्यांच्यावरचा कायमचा राग.

आमचं अंडी उबवायचं केंद्र नगर-पाथर्डी रस्त्याला, करंजी घाटाच्या अलीकडं. लोक त्याला 'अंड्याचं मशीन'च म्हणतात. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, सुरू केलेलं. आसपासच्या बायका आपल्या गावरान कोंबड्यांची अंडी टोपल्यांत भुशात घालून आणतात आणि तीन आठवड्यांनी पिल्लं घेऊन जातात. मशीन म्हणजे खोलीएवढं कपाट. त्यातली ऊब, दमटपणा, पंखे, अंड्यांचे ट्रे कलते करणं, सगळं शेजारच्या खोलीतला एक कंप्युटर सांभाळतो. तो बंद पडला की पंखे बंद, आणि पंखे बंद म्हणजे आतला जीव गुदमरला. एवढ्या जिवांचा भार एका डबड्यावर टाकायची अक्कल कुणाची, असं मी नानांना एकदा विचारलं होतं. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत.

अण्णा भिंगारचे. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन म्हणून नोकरी केलेली. निवृत्त झाले, पण पँटची इस्त्री काही निवृत्त झाली नाही. कंप्युटरच्या खोलीत यायचं तर त्यांचा एकच नियम होता, हात मागे. कुणीही असो, पाठीमागं हात बांधून उभं राहायचं. नाना स्वतःच्या मालकीच्या खोलीत शाळेतल्या पोरासारखे हात मागं घेऊन पुटपुटत उभे राहायचे आणि मला हसू आवरायचं नाही. "निम्मे कंप्युटर माणसांच्या बोटांनी मरतात," अण्णा म्हणायचे. "बोटं फार शिवशिवतात लोकांची."

दुसरा नियम चहाचा. काम व्हायच्या आधी चहा घ्यायचे नाहीत. किती आग्रह करा. "निकालाच्या आधी पेढे वाटतात का, सूनबाई?" संपलं. कप तसाच परत.

आणि तिसरी गोष्ट नियम नव्हती, ती मिजास होती. अण्णा काहीही लिहून ठेवत नसत. कुठल्या मशीनला काय लावलं, सेटिंगच्या कुठल्या पानावर काय बदललं, सगळं डोक्यात. मी म्हटलं, "अण्णा, कागदावर टिपून ठेवा की. वय झालं." झालं! नाकाचा शेंडा लाल. "जो लिहितो तो विसरायची तयारी करतो," म्हणाले. "मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही गवार निवडत होता. शेंगा जून होत्या." शेंगा खरंच जून होत्या.

पण त्यांची खरी गंमत काम संपल्यावर असायची. आमच्याकडं वीज जाणं म्हणजे काही बातमी नाही. वीज गेली की जनरेटर आपोआप लागतो, पण तेवढ्या दोन-चार श्वासांत कंप्युटर विझतो. पूर्वी त्याला बॅटरीचा डबा होता, तो फुगून मेला आणि नाना नवा आणतो आणतो म्हणत राहिले. म्हणून अण्णांनी कंप्युटरला शिकवून ठेवलं होतं, की वीज परत आली की कुणी बटण दाबायची वाट बघायची नाही, आपला आपण उठायचं. आणि दर वेळी काम झालं की ते स्वतः जाऊन मेन स्विच खाली ओढायचे. गप्पकन अंधार. मशीनचे पंखे घरघरत थांबायचे. मग मागच्या शेडमध्ये जनरेटर खोकलायचा, दिवे लागायचे आणि कंप्युटर आपणहून जागा व्हायचा. अण्णा त्याच्याकडं बघून म्हणायचे, "उठला. आता चहा."

"वीज जाईल जाईल म्हणून भ्यायचं कशाला? आपणच घालवून बघायची," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

त्या वर्षी पितृपाठात कांताबाई आली. पाथर्डीच्या पलीकडच्या गावची. दरवर्षी दसरा झाला की नवराबायको ऊसतोडीला जायची. त्या साली तिनं ठरवलं होतं, जायचं नाही. दाराशी पत्र्याची शेड टाकली, नवऱ्याला राजी केलं आणि आठवडाभर घरोघर फिरून, आपल्या आणि भावकीच्या कोंबड्यांची निवडक अंडी गोळा केली. टोपल्या उतरवताना मला म्हणाली, "ताई, माज्या पोरीची शाळा दर दसऱ्याला सुटती आन् शिमग्याला लागती. औंदा न्हाई सुटू द्यायची." मुकादमाला तिनं अजून पक्कं नाही म्हटलं नव्हतं. दसरा झाला की त्याची गाडी निघणार होती. पिल्लं निघाली तर कांताबाई घरी राहणार, नाही निघाली तर गाडीत बसणार, इतकं सरळ होतं ते.

त्या खेपेला मशीनमध्ये तिचीच अंडी होती. ती आत जाऊन दोन आठवडे होत आले आणि कंप्युटर लटकायला लागला. मधेच गोठायचा, पंख्यांना हुकूम देणं विसरायचा. नानांनी अण्णांना फोन लावला. अण्णा आले, हात मागं घेऊन बराच वेळ नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "बोर्डाच्या पोटातलाच प्रोग्रॅम जुना झालाय. अपडेट करावा लागेल."

मला काही कळलं नाही म्हणून त्यांनी समजावलं. विंडोज जागी व्हायच्याही आधी बोर्डाच्या आतला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, त्याला बायोस म्हणतात. तो नवीन घातला की बोर्ड पहिल्यासारखा कोरा होतो, आपण लावलेलं सगळं पुसलं जातं आणि पुन्हा लावून द्यावं लागतं. "म्हणजे कसं, सूनबाई, बोर्ड माहेरी गेला. सासरच्या सगळ्या रीती विसरला. आल्यावर पुन्हा शिकवायच्या."

"काहीही काय अण्णा," मी म्हटलं. "माहेरी गेलेली बाई काही विसरत नसते. उलट तिथं गेल्यावरच तिला सासरचं एकेक आठवतं."

तेव्हाही हसले नाहीत.

धोका एकच होता. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मेला, आणि नवा बोर्ड येईपर्यंत अंडी कुठली टिकायला! त्यासाठी तर ते गोणपाटाखालचं लटांबर. अण्णांचा दुसऱ्याच्या विजेवर विश्वास नव्हता. कंप्युटरची वायर भिंतीतून काढून त्यांनी आपल्या इन्व्हर्टरला जोडली, पेनड्राइव्ह लावला आणि काम सुरू झालं. मशीनचे पंखे तेवढा वेळ बंद. कांताबाई नेमकी त्याच दिवशी अंडी बघायला आलेली. ती मशीनच्या दाराशी उकिडवी बसली, दारावर तळहात ठेवून, तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. नाना तंबाखू मळायचे थांबले होते, म्हणजे बघा.

पट्टी भरली. कंप्युटर विझला, पुन्हा लागला. अण्णांनी श्वास सोडला आणि सेटिंगच्या पानांत शिरले. एकेक नाव मोठ्यानं घ्यायचे आणि मी 'हो' म्हणायचं, ही वर्कशॉपमधली पद्धत.

"तारीख."

"हो."

"वेळ."

"हो."

"आधी कुठली डिस्क बघायची."

"हो."

"पंख्याचा वेग."

"हो."

तेवढ्यात कांताबाईचा आवाज फुटला. "सायेब, झालं का वो? आत जीव घाबरले आस्तील. किती येळ झाला!" ती रडायच्या बेताला आली होती. अण्णांनी वळून बघितलं. "झालं बाई, झालं," म्हणाले आणि सेव्ह करून बाहेर पडले. कंप्युटर बंद केला, वायर इन्व्हर्टरमधून काढून भिंतीत घातली, बटण दाबलं. कंप्युटर लागला, पंखे घरघरले, कांताबाईनं दारालाच हात जोडले.

मग अण्णा सवयीनं मेन स्विचकडं निघाले. कांताबाईला कळलं आणि ती ताडकन उठून स्विचपुढं आडवी झाली, दोन्ही हात पसरून.

"आता पुन्यांदा बंद न्हाई करायचं!"

"बाई, तपासावं लागतं. बाजूला व्हा."

"चालू हाय की! डोळ्यानं दिसतंय चालू हाय. मंग कशापायी माज्या अंड्यांचा जीव घेताय? लई उपकार झाले, सायेब, पन आता हात नका लावू."

नाना म्हणाले, "राहू द्या हो अण्णा, बाई घाबरलीय."

मला वाटलं आता अण्णा कडाडणार. कर्नलसुद्धा ज्यांच्यापुढं हात मागं घेऊन उभे राहिले, असं ते स्वतःच सांगायचे, ते काय कांताबाईचं ऐकतात! पण त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि वर उचललेला हात खाली आणला. "बरं," म्हणाले. एवढंच. मी चहा पुढं केला तर म्हणाले, "आज राहू द्या." मोटारसायकलला लटांबर बांधून निघून गेले. कांताबाईही गेली.

दुपारी जेवणं उरकली आणि वीज गेली. जनरेटर लागला, पुढच्या खोलीतले दिवे लागले, सगळं ठीक. मी खाद्याची पोती मोजून घेत होते. जनरेटर सुरू असला की आमच्याकडं दुसरं काही ऐकू येत नाही. बऱ्याच वेळानं कमरेचा मोबाईल थरथरला. अण्णा.

"सूनबाई, वीज आहे का?"

"गेली की मघाच. जनरेटरवर आहोत."

"कंप्युटर बघ. पळ!"

अण्णा मला कधी अरेतुरे करत नसत. मी पळाले. खोलीत दिवा लख्ख, आणि कंप्युटर काळा ठिक्कर. पंखे थंड. बिघाड झाला की भोंगा वाजतो, पण भोंगाही त्याच मेल्याच्या ताब्यात! मशीनच्या काचेतला साधा थर्मामीटर बघितला, पारा पार वर चढलेला. अंड्यात जीव मोठा झाला की तो स्वतःचीच ऊब धरतो, त्यात वर पत्रा तापलेला, हवा कोंडलेली. भट्टी झाली होती आत.

"अण्णा, बंद आहे! सगळं बंद आहे!"

"बटण दाब. दाबलं? लागला? आता दारं सताड उघड, पुठ्ठ्यानं वारा घाल. मी आलोच."

नाना आणि मी पुठ्ठे घेऊन वारा घालत सुटलो. मी तोंडानं देवाचं नाव घेत होते की अण्णांना शिव्या देत होते, मलाच आठवत नाही. अण्णा आले ते धुळीनं माखून, हेल्मेट हातात, हात मागं घ्यायचंही विसरून. कंप्युटरसमोर बसले, पुन्हा त्या पानांत गेले आणि मघाशी राहिलेलं एक पान उघडलं. 'वीज आल्यावर' याच्यापुढं कंपनीनं भरून दिलेलं होतं, 'बंदच राहा.' माहेरची रीत. त्यांनी ते बदललं आणि बसून राहिले.

मग म्हणाले, "भिंगारच्या वाटेवर लिंबाखाली भाकरी खायला थांबलो होतो. तुकडा मोडताना बोटाकडं लक्ष गेलं. वायर भिंतीत घातल्यावर तो आपणहून उठायला हवा होता, सूनबाई. तो उठला नाही. बटण मी दाबलं. माझ्या डोळ्यांदेखत मी दाबलं आणि मला कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी नानांनी कांताबाईला बोलावून घेतलं. ती आली, ऐकलं आणि मटकन खाली बसली. नानांचा राग म्हणजे वाळल्या गवताची आग. "कुणाच्या चुकीनं झालं हे, मला आज कळलं पाहिजे!" कांताबाईनं पदर तोंडाला लावला. "माज्याच. म्याच आडवी झाले हुते. सायेब तपासनार हुते. माज्याच हातानं माजं…"

"बाईंचा काही संबंध नाही." अण्णा दारात उभे होते, इस्त्रीची पँट, हात मागं. "तपासणी नंतरची गोष्ट. सेटिंग लावायचं राहिलं म्हणून झालं, आणि ते मी विसरलो."

मला तर कुणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. जून शेंगा लक्षात ठेवणारा माणूस चार लोकांसमोर म्हणत होता, मी विसरलो. पुन्हा एकदा म्हणाले, जरा मोठ्यानं, कांताबाईकडं बघून. "मी विसरलो, बाई. तुम्ही रडू नका." मला फार भरून आलं आणि ते दिसू नये म्हणून मी उगाच नानांवर खेकसले की बॅटरीचा डबा वेळेवर आणला असता तर ही वेळ आली नसती.

मी खोली अंधारी केली आणि अंडी एकेक करून टॉर्चच्या उजेडावर धरली. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं आणि काळी सावली हलते. मेलेल्यात नुसता गढूळ गोळा. अण्णांनी हे कधी बघितलं नव्हतं. पहिल्या अंड्यात सावली हलली तशी ते इतके पुढं झुकले की चष्मा अंड्याला लागला. दुसरं गढूळ होतं. तिसरंही. मग हललं एक. प्रत्येक गढूळ अंड्याला कांताबाई डोळे मिटायची आणि अण्णा ओठ आवळायचे. शेवटी मीच थांबवलं. हलणारी दिसली म्हणजे निघतीलच असं नाही, एवढा ताप सोसलेलं पिल्लू कवचातच दम सोडतं. ते मी दोघांना सांगितलं. खोटी आशा लावून काय करायचं?

त्यानंतर अण्णा रोज यायचे. भिंगारहून रोज, मोटारसायकलवर. खुर्चीत बसून कंप्युटरकडं बघायचे. वीज गेली की उठून उभे राहायचे, तो आपणहून लागला की बसायचे. चहा नाही. पाणीसुद्धा घरचं. मी चिडून म्हटलं, "अण्णा, चहानं काय पाप केलंय?" तर म्हणाले, "निकाल कुठं लागलाय?"

मुकादमाची गाडी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायची होती. आमच्या हिशेबानं पिल्लं दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुटायला हवी होती. त्या दिवशी सकाळपासून कांताबाई मशीनपाशी कान लावून बसलेली. काही नाही. दुपार झाली. काही नाही. नेहमी या वेळेला नुसता कलकलाट असतो. तिचा फोन वाजला, मुकादमाचा. "सांगते," एवढंच म्हणून तिनं ठेवला. दसऱ्याचा दिवस उजाडला. नानांनी यंत्राला झेंडूचा हार घातला आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. अण्णा आले. आत आले नाहीत, दाराबाहेरच हात मागं घेऊन उभे राहिले.

"आवाज येतोय का, सूनबाई?"

"नाही."

मुकादमाचा पुन्हा फोन. कांताबाईनं उचललाच नाही. फोन वाजून थांबला आणि त्या शांततेत आतून एक बारीक 'चिव' आली. एकच. आम्ही कुणी हललो नाही. मग दुसरी. मग कुठंतरी खालच्या ट्रेमध्ये टकटक, आणि बघता बघता दोन, चार, दहा. कांताबाई माझ्या गळ्यातच पडली. मी रडले, सांगायला कसली लाज? अण्णा मात्र बाहेरच.

सगळी नाही निघाली. बऱ्यापैकी अंडी तशीच राहिली, ती मी कांताबाईच्या नजरेआड केली. पण दुपारपर्यंत पेट्या भरल्या. कांताबाईनं पेट्यांकडं बघितलं, मनातल्या मनात शेड भरून पाहिली आणि म्हणाली, "पुरं हायती, सायेब. एवढ्यावर हुतंय." मग तिनं मुकादमाला फोन लावला. "दाजी, आमी न्हाई येत औंदा. व्हय. न्हाईच."

मशीन आता रिकामं होतं. अण्णा तेव्हा आत आले आणि मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं ओढतील. पण त्यांनी कांताबाईला बोलावलं.

"तपासणी राहिलीय, बाई. आता तुम्ही ओढा."

ती दचकली. "म्या? आन् न्हाई उठला तर?"

"नाही उठला तर मी आहे इथं."

तिनं पदरानं हात पुसला आणि खटका खाली ओढला. अंधार. पंखे थांबले. पेट्यांमधली पिल्लंही क्षणभर गप्प झाली. अण्णांचे हात पाठीमागं इतके घट्ट बांधलेले की बोटं पांढरी पडली होती. शेडमध्ये जनरेटर खोकलला, दिवे लागले. कंप्युटर तसाच काळा. मी बटणाकडं बघितलं. अण्णा हलले नाहीत. आणि मग आतला पंखा गुरगुरला आणि स्क्रीन उजळला.

"उठला," कांताबाईच म्हणाली.

अण्णा माझ्याकडं वळले. "सूनबाई, चहा."

दोन कप प्यायले. बशीत ओतून, फुंकर मारत, ओट्यावर बसून. तोवर कांताबाईची जीप आली. पेट्या मागं ठेवल्या, त्या कलत होत्या म्हणून अण्णांनी ड्रायव्हरला झापलं, स्वतः दोरी आवळली, तरी समाधान होईना. शेवटी हेल्मेट घातलं आणि मोटारसायकल काढली. जीप पाथर्डीकडं निघाली आणि हा माणूस भिंगार सोडून तिच्या मागं मागं, पेट्यांवर डोळा ठेवून.

इन्व्हर्टर आणि बॅटरी ओट्यावरच राहिलेली. मी रस्त्यापर्यंत पळत गेले. "अण्णा, तुमचं लटांबर! विसरलात!"

त्यांनी मागं न बघता एक हात वर केला. लटांबर न्यायला ते काही आलेच नाहीत; त्याच थंडीत ते वारल्याचं भिंगारहून कळलं, झोपेतच गेले म्हणे. नाना आजही तो इन्व्हर्टर कुणाला हलवू देत नाहीत. आमच्या कंप्युटरची वायर आता त्यातच आहे.